नॅस घेताय? आधी ग्राफिक्स कार्डचं काम ठरवा

घरासाठी नॅस (घरातल्या नेटवर्कला जोडून सगळ्यांच्या फाइली एकाच ठिकाणी ठेवणारं साठवणीचं यंत्र) घेताना बरेच जण पहिलाच प्रश्न विचारतात, "यात ग्राफिक्स कार्ड बसेल ना?" आमचा उलट प्रश्न असतो: बसवून त्याला काम काय देणार?

फाइलींची ने-आण एवढंच काम असेल, तर कार्डचा काडीचाही उपयोग नाही. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट मिळतात. कार्ड कितीही दणकट घ्या, हा आकडा हलणार नाही. त्यापेक्षा २.५ गिगाबिट पोर्टचा नॅस बघा. नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारा स्विचही तेवढ्याच वेगाचा लागेल, हे मात्र बरेचदा विसरलं जातं.

व्हिडिओचं जरा वेगळं आहे. टीव्हीला मूळ फाइल चालत असेल, तर नॅस ती नुसती पाठवून मोकळा होतो. टीव्हीला फॉरमॅट चालत नसेल किंवा बाहेरून मोबाइलवर कमी वेगात बघायचं असेल, तेव्हा नॅसला व्हिडिओ चालता चालता बदलून द्यावा लागतो. हेच ट्रान्सकोडिंग. आणि त्यालाही वेगळं कार्ड लागतंच असं नाही. इंटेलच्या बहुतेक घरगुती प्रोसेसरमध्ये २०११ पासून क्विक सिंकची, म्हणजे आतल्या ग्राफिक्सवरच व्हिडिओ बदलण्याची, सोय आहे. एन१०० सारख्या छोट्या प्रोसेसरवर एका कुटुंबाचं सहज भागतं. उलट, काही महागड्या नॅसमध्ये एएमडीचा रायझेन व्ही१५००बी असतो; तो ताकदवान खरा, पण त्यात ग्राफिक्स अजिबात नाही. शिवाय नॅसवरचे व्हिडिओ टीव्ही-मोबाइलवर दाखवायला प्लेक्स हे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसाठी (ग्राफिक्सच्या मदतीने होणाऱ्या ट्रान्सकोडिंगसाठी) प्लेक्स पास हे पैसे भरून मिळणारं सदस्यत्व घ्यावं लागतं. जेलीफिन या तशाच सॉफ्टवेअरमध्ये ते फुकट आहे.

मग कार्ड लागतं कुणाला? नॅसवरच एआय मॉडेल चालवायचं असेल त्यांना. ८ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे मॉडेलमधल्या आकड्यांचं) मॉडेल प्रत्येक आकड्याला ४ बिट इतकं आवळलं, तरी ५ जीबीच्या आसपास जागा घेतं. म्हणजे कार्डवर ८ जीबी मेमरी हवीच.

तुम्ही यांपैकी असाल, तर कार्ड बसवायची खाच, म्हणजे स्लॉट, नीट बघा. लांबीला १६ लेनचा (लेन म्हणजे डेटा जाण्याच्या वाटा) दिसणारा स्लॉट आतून ४ लेनचाच असू शकतो. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात आणि वेगळी पॉवर केबल नॅसमध्ये क्वचितच असते, तेव्हा त्या मर्यादेतलं, कमी उंचीचं कार्ड शोधा. मुख्य म्हणजे, स्लॉट आहे म्हणून ग्राफिक्स कार्ड चालेलच असं नाही. सिनॉलॉजी कंपनीच्या डीएस१८२१ प्लस या नॅसमधला स्लॉट नेटवर्क कार्डसाठी आहे. क्यूनॅप ही दुसरी नॅस कंपनी मात्र कोणत्या मॉडेलला कोणतं ग्राफिक्स कार्ड चालतं याची यादी देते. त्या यादीत नाव नसलेलं कार्ड आम्ही तरी सुचवणार नाही.

विजेचाही हिशेब करा. नॅस चोवीस तास चालू असतो. कार्ड काहीही न करता १० वॅट खात बसलं, तरी वर्षाला सुमारे ८८ युनिट होतात, आणि ती उष्णता शेजारच्या हार्ड डिस्कना सोसावी लागते.

आमच्याकडे चौकशीला येताना टीव्हीचं मॉडेल, एका वेळी किती जण व्हिडिओ बघतात आणि सध्याचा डेटा किती टीबी आहे, एवढं लिहून आणा.