नॉर्वेच्या तेल फंडाआधीची 20 वर्षं
नॉर्वेचा विषय निघाला की लोक थेट आकड्यावर येतात, लोकसंख्या जेमतेम 55 लाख आणि तेलाच्या कमाईतून सरकारने साठवलेल्या फंडात 20 लाख कोटी क्रोनरच्या (नॉर्वेचं चलन) आसपास. पण फंडाचा कायदा 1990 चा आहे आणि तेल लागलं 1969 ला. खरी गोष्ट मला ह्या मधल्या वर्षांत दिसते.

1963 लाच सरकारने समुद्राखालच्या जमिनीवर आपला हक्क जाहीर करून टाकलेला, त्यामुळे 1969 च्या शेवटी फिलिप्स कंपनीला उत्तर समुद्रात एकोफिस्क हे तेलक्षेत्र सापडलं तेव्हा मालक कोण हा प्रश्नच नव्हता, कंपन्या लायसन्स घेऊन आलेल्या. इथे फारूक अल-कासिम ह्यांचं नाव घ्यायलाच हवं. मूळचे बसऱ्याचे जिओलॉजिस्ट, इराकमधे तेल कंपनीत काम केलेलं, 1968 ला मुलाच्या उपचारांसाठी नॉर्वेला आले, नोकरीच्या शोधात मंत्रालयात गेले आणि तिथल्यांनी त्यांनाच ठेवून घेतलं, कारण तेलातलं कळणारी माणसं तिथे बोटावर मोजण्याइतकीच होती! परदेशी कंपन्यांच्या हातात तेल गेलं की काय होतं ते त्यांनी घरीच बघितलेलं. 1972 ला संसदेने स्टॅटऑइल ही सरकारी कंपनी काढली आणि सोबत पेट्रोलियम डायरेक्टोरेट वेगळं ठेवलं, म्हणजे तेल काढणारा एक आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा दुसरा. बाकी बऱ्याच तेलवाल्या देशांत ही दोन्ही कामं एकाच सरकारी कंपनीकडे राहिली आणि तिथेच घोळ झाला असं माझं स्पष्ट मत आहे.

पण नॉर्वेवाले पहिल्यापासून शहाणे होते असंही नाही हां. 70 च्या दशकात पुढे येणाऱ्या तेलाच्या भरवशावर सरकारने कर्ज काढून खर्च केला, पगार वाढले, बाकीच्या कारखान्यांचा माल महाग पडायला लागला, नेदरलँड्समधे ग्रोनिंगन भागात गॅस सापडल्यानंतर झालं तेच. 1986 ला तेलाचे भाव कोसळले, पेट्रोलवरचा टॅक्स वाढवायला गेलेलं सरकार पडलं, क्रोनरचं अवमूल्यन करावं लागलं. हा चटका बसल्यावर फंडाचा कायदा आला, आणि तरी पहिला पैसा त्यात पडायला 1996 उजाडलं.

नियम सोपा आहे, सरकारचं तेलाचं उत्पन्न फंडात जातं, फंड सगळा पैसा देशाबाहेर गुंतवतो म्हणजे घरात महागाई भडकत नाही, आणि बजेटसाठी साधारण अपेक्षित परताव्याएवढंच काढायचं, 2001 ला हे प्रमाण फंडाच्या 4 टक्के ठरलं, 2017 ला 3 वर आणलं.

2014 ला भाव परत पडले तेव्हा ह्याची परीक्षा झाली. 2016 ला सरकारने पहिल्यांदाच फंडात टाकलं त्यापेक्षा जास्त काढलं आणि बजेट निभावलं, पण स्टाव्हांगर ह्या तेलधंद्याच्या शहराच्या भागात इंजिनियर, रिगवरचे कामगार अशा कितीतरी लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांच्यासाठी तेलानंतरचं काम कुठून आणायचं हे अजून सुटलेलं नाही, शोधाची नवीन लायसन्स मात्र आजही वाटली जातायत.