पार्श्वभूमी : लायपोसक्शननंतर चरबी परत येते का?

‘चरबीची पेशी एकदा काढली की ती पुन्हा उगवत नाही.’ लायपोसक्शनची, म्हणजे त्वचेखालची चरबी नळीने शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेची, चौकशी करणाऱ्या बहुतेकांच्या कानावर हे वाक्य पडलेले असते. ते खोटे नाही. पण ते आले कुठून आणि त्यानंतरच्या संशोधनात काय सापडले, हे समजून घेतल्याशिवाय केवळ त्याच्या भरवशावर कोणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आधी शस्त्रक्रियेबद्दल. १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये शार्ल दुजारिए या सर्जनने एका नर्तिकेच्या पायांवरची चरबी क्युरेटने काढायचे ठरवले. क्युरेट म्हणजे गर्भाशयाचे अस्तर खरवडण्याचे हत्यार. खरवडताना रक्तपुरवठ्याला इजा झाली, गँगरीन झाले आणि पाय कापावा लागला. निव्वळ आकारासाठी चरबी काढण्याच्या कल्पनेवर या घटनेची छाया पुढे कित्येक दशके राहिली. १९७०च्या दशकात रोममध्ये अर्पाद आणि जॉर्जिओ फिशर या पितापुत्रांनी पोकळ नळी आणि शोषण यंत्र एकत्र आणले. पाठोपाठ पॅरिसमध्ये इव्ह-जेरार इलूझ यांच्याकडे पाठीवर चरबीची गाठ असलेली एक रुग्ण आली. तिला मोठा व्रण नको होता. १९७७ साली इलूझ यांनी लहानशा छेदातून बोथट टोकाची नळी आत घालून ती गाठ शोषून घेतली.

सगळी किमया त्या बोथटपणात होती. धारदार हत्यार समोर येईल ते कापत जाते. बोथट नळी मात्र रक्तवाहिन्या आणि नसा बाजूला सारते आणि मऊ चरबी तेवढी ओढून घेते. चरबीच्या थरात बोगदे पडतात, पण त्वचेला रक्त पोचवणारे मधले पडदे बऱ्याच अंशी शाबूत राहतात. उरलेली मोठी अडचण रक्तस्रावाची. ती कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी सोडवली. लिडोकेन हे बधिर करणारे औषध आणि अ‍ॅड्रिनॅलिन मिसळलेले भरपूर सलाइन आधी चरबीत भरायचे, तो भाग टणक फुगू द्यायचा, रक्तवाहिन्या आकसू द्यायच्या आणि मग चरबी ओढायची. १९८७ साली त्यांनी ही ट्युमेसंट पद्धत प्रसिद्ध केली. पुढे अल्ट्रासाउंड आले, लेसर आले, थरथरणाऱ्या नळ्या आल्या. या सगळ्या सुधारणा चरबी सैल कशी करायची याच्या आहेत. ती काढल्यावर शरीर काय करते, या प्रश्नाला त्यांतली एकही हात लावत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत शोधले जात होते. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ज्यूल्स हर्श आणि त्यांचे सहकारी चरबीच्या पेशी मोजत होते. वजन उतरवलेल्या स्थूल माणसांत त्यांना दिसले ते असे : पेशी आकसतात, पण त्यांची संख्या तेवढीच राहते. यातून एक समज रुजली की प्रौढपणी चरबीच्या पेशींची संख्या ठरलेली असते. लायपोसक्शन याच समजुतीच्या छत्राखाली वाढले. डाएटने पेशी नुसती रिकामी होते, नळीने मात्र पेशीच जाते, म्हणून हा उपाय कायमचा. तेव्हाच्या ज्ञानाला धरून हा तर्क अगदी सरळ होता. सुरुवातीच्या सर्जनांनी लोकांना फसवले, असे मी म्हणणार नाही.

या समजुतीला धक्का दिला तो अणुबॉम्बने. शीतयुद्धाच्या काळात, १९६३च्या करारापर्यंत, उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतले किरणोत्सारी कार्बन-१४ एकदम वाढले आणि नंतर हळूहळू उतरत गेले. ते झाडांत गेले, अन्नातून माणसांत आले आणि नव्याने बनणाऱ्या प्रत्येक पेशीच्या डीएनएवर त्या वर्षाची खूण ठेवून गेले. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील कर्स्टी स्पाल्डिंग, पीटर आर्नर आणि सहकाऱ्यांनी या खुणेवरून चरबीच्या पेशींचे वय काढले. २००८ साली त्यांनी दाखवले की प्रौढ माणसाच्या दर वर्षी सुमारे १० टक्के चरबीपेशी मरतात आणि जवळपास तेवढ्याच नव्या जन्मतात. बालपण आणि पौगंडावस्थेत ठरलेली संख्या शरीर पुढे राखून ठेवते. म्हणजे हर्श यांचे निरीक्षण बरोबर होते, फक्त त्याचा अर्थ बदलला. कायम असते ती संख्या. पेशी येत-जात असतात.

शरीर चरबीचा हिशेब ठेवते, ही कल्पना त्याही आधीची. गॉर्डन केनेडी यांनी १९५३ साली उंदरांवरील प्रयोगांवरून तसे सुचवले होते आणि १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला लेप्टिनचे जनुक सापडल्यावर त्या कल्पनेला रेणूचा आधार मिळाला. लेप्टिन चरबीतूनच निघते आणि साठा किती आहे हे मेंदूला कळवते. मग सर्जनने एका दिवसात साठ्यातला मोठा भाग काढून नेला, तर? प्राण्यांवर हे करून पाहिले गेले होते. हॅमस्टर, खारी, उंदीर यांची चरबी कापून काढल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत एकूण चरबी बरीचशी भरून येते आणि अनेकदा ती कापलेल्या जागी न येता दुसरीकडे वाढते.

माणसांबद्दल पहिली मोठी निराशा वेगळ्याच बाजूने आली. २००४ साली सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील सॅम्युएल क्लाइन (ट्युमेसंटवाल्यांचे केवळ आडनावबंधू) यांनी १५ स्थूल स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या सात जणींना टाइप २ मधुमेह होता. प्रत्येकीच्या पोटावरून सरासरी ९ ते १० किलो चरबी काढली गेली होती. आहारातून इतकी चरबी उतरवली असती, तर साखर आणि रक्तदाब सुधारण्याची चांगली अपेक्षा ठेवता आली असती. पण १० ते १२ आठवड्यांनंतर इन्शुलिनचा परिणाम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, दाहाचे निर्देशक, सगळे होते तिथेच होते. नळी पोचते ती त्वचेखालच्या थरापर्यंत. आतड्यांभोवतीची, यकृतातली, स्नायूंतली चरबी तशीच राहते, आणि मागे राहिलेल्या पेशीही पूर्वीइतक्याच टम्म भरलेल्या असतात. चरबी किती आहे इतकेच ती कुठे आहे यालाही महत्त्व आहे, हे मार्सेयचे जाँ व्हाग यांनी १९४७ सालीच मांडले होते.

आकाराबद्दलचे नेमके उत्तर २०११ साली कोलोरॅडो विद्यापीठातून आले. टेरी हर्नांडेझ, रॉबर्ट एकेल आणि सहकाऱ्यांनी स्थूल नसलेल्या ३२ स्त्रिया निवडल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा त्यांच्या दोन गटांत वाटणी केली. १४ जणींचे लायपोसक्शन झाले, १८ जणींनी थांबायचे होते. सहा आठवड्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांची एकूण चरबी स्पष्टपणे कमी भरली. वर्षाने दोन गटांतला फरक पुसला गेला. मांड्यांवरची चरबी मात्र कमीच राहिली. भर पडली ती पोटावर. पुढच्याच वर्षी साओ पाउलोमधून फाबियाना बेनाटी यांच्या गटाचा अभ्यास आला. पोटाचे छोटे लायपोसक्शन झालेल्या ज्या स्त्रियांनी व्यायाम केला नाही, त्यांची आतड्यांभोवतीची चरबी सहा महिन्यांत सुमारे १० टक्के वाढली. व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ दिसली नाही. मला हा अभ्यास सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आरशात न दिसणारी चरबी वाढत असताना आरसा समाधान देत राहतो.

सगळे सर्जन यावर एकमत नाहीत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ३०१ शस्त्रक्रियांच्या छायाचित्र-मोजणीत चरबी दुसरीकडे सरकल्याचे आढळले नाही. पण छायाचित्रातून बाह्यरेषा मोजता येते, पोटाच्या आत काय साठले ते मोजता येत नाही. कोलोरॅडोच्या अभ्यासातली माणसे थोडी होती, हेही तितकेच खरे.

बांध्याचे मात्र काय होते, ते आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. पहिले काही आठवडे सुजेचे असतात. खरा घाट दिसायला तीन ते सहा महिने जातात. त्वचा लवचिक असेल तर आकसून बसते, नसेल तर लोंबते किंवा खळगे दिसतात. वजन स्थिर राहिले तर नवा आकार टिकतो. वजन वाढले तर जिथे पेशी कमी आहेत तिथे कमी भरते, इतरत्र जास्त. त्यामुळे जाड झालेले शरीर पूर्वीच्या जाड शरीरासारखे दिसेलच असे नाही.

कोलोरॅडोच्या अभ्यासात थांबायला सांगितलेल्या स्त्रियांना शेवटी सवलतीत लायपोसक्शन करून घेण्याची मुभा होती. त्याआधी संशोधकांनी त्यांना निष्कर्ष नीट समजावून सांगितले : चरबी परत येते, वेगळ्या जागी येते. ते ऐकूनही निम्म्याहून अधिक जणींनी शस्त्रक्रिया करून घेण्याचे ठरवले.