जुनी डिझेल गाडी धूर मारते, मधेच बंद पडते? पंप खोलण्याआधी हे बघा

हे पत्रक मेकॅनिकल डिझेल पंपाच्या गाड्यांसाठी आहे: जुन्या जीप, सुमो, ४०७, पिकअप. कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या नव्या) गाडीला यातला टाकी, फिल्टर आणि एअर क्लीनरचा भाग लागू पडतो. पण तिच्या नोझलचे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाचे) पाइप कधीही ढिले करू नका. त्यात १००० बारहून जास्त दाब असतो.

"धूर मारते, पंपाचं काम करून द्या," असं सांगत बरेच ग्राहक येतात. पंप-नोझलचं काम खर्चाचं आहे आणि पुष्कळदा दोष त्याच्या अलीकडेच असतो. म्हणून आमचा आग्रह एवढाच, की धूर कुठल्या रंगाचा, तो कधी येतो आणि गाडी नेमकी कशी बंद पडते, हे आधी नीट बघा.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. ऊस वाहतुकीच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर महिन्याभरात चोंदू शकतो. एलिमेंट काढून आतून बल्ब धरा. उजेड दिसला नाही तर नवीन घाला. कॉम्प्रेसरची हवा मारायचीच असेल तर कमी दाबाने, आतून बाहेर. ऑईल बाथ क्लीनर असेल तर तळातला गाळ धुऊन खुणेपर्यंतच ऑईल भरा. जास्त भरलं की इंजिन ते ओढून घेतं आणि धूर निळा होतो. टर्बो असेल तर होज फाटलाय का बघा; रेस दिल्यावर सुस्कारा ऐकू येतो आणि पिकअप जातो. हे सगळं ठीक असूनही चोर्ला घाट चढताना काळे लोट येत असतील, तर मग नोझल किंवा टायमिंगकडे (डिझेल फवारण्याच्या वेळेकडे) वळायचं. एमिशन टेस्टला बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराच्या दाटपणाचं माप) आहे. टेस्टपुरतं पंपाचं डिझेल कमी करून घेतलं तर सर्टिफिकेट मिळेल, पण भरलेली गाडी घाटात दम धरणार नाही.

पांढरा धूर दोन प्रकारचा. पहाटे स्टार्ट केल्यावर डोळे चुरचुरवणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर आला आणि इंजिन तापल्यावर गेला, तर ज्या इंजिनाला हीटर प्लग आहेत त्याचे प्लग तपासा. वायर सोडवून मल्टिमीटर लावा: चांगला प्लग एक-दोन ओहम दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. प्लग बरोबर असून धूर राहिला तर कॉम्प्रेशन किंवा टायमिंग. दुसरा प्रकार, इंजिन तापल्यावरही वाफेसारखा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत जाणं. हे हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेल्याचं लक्षण. थंड इंजिनावर कॅप काढून स्टार्ट करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर हेड खोलावं लागेल. कॅप गरम असताना मुळीच उघडू नका. ऑईलच्या झाकणाला आतून दुधाळ थर दिसला म्हणून लगेच घाबरायला नको, पावसाळ्यात कमी पल्ल्याच्या गाडीला तो दमटपणानेही येतो. डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका.

निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. स्लोवर उभी राहून रेस दिल्यावर भपकारा आला तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइड, चढावर सतत येत असेल आणि ब्रीदरमधूनही (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतूनही) जोर असेल तर पिस्टनच्या रिंगा.

आता बंद पडण्याविषयी. चावी फिरवल्यासारखी गाडी एकदम बंद पडली तर रोटरी पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) वायर बघा. चावी ऑन केल्यावर तिथे 'टक' असा आवाज आला पाहिजे. आचके देत, हळूहळू मरत असेल तर डिझेल पोचत नाही. अर्धा तास चालून बंद आणि थोड्या वेळाने परत चालू, असं होत असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. आत हवा ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाहीतर टाकीतला कचरा जाळीला चिकटतो आणि गाडी थांबली की खाली बसतो.

सकाळी स्टार्ट होते आणि लगेच मरते, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. कारण बहुधा लाइन एअर धरते. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतचा) पाइप ओढीखाली असतो. तिथे चीर पडली तरी चालू इंजिनात डिझेल गळत नाही, हवा आत जाते. म्हणून बाहेरून कोरडा दिसणारा पाइपही दोषी असतो. फीड पंपाच्या आधी फूटभर पारदर्शक डिझेल नळी जोडा, इंजिन चालू करा आणि बुडबुडे मोजू नका, फक्त आहेत की नाहीत ते बघा. असतील तर रबर होज, क्लिपा आणि बॅंजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) कॉपर वॉशर बदला. दबलेला जुना वॉशर परत बसवला की दोष परत येतो.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूर-जांबोटी पट्ट्यात, पाणी हा मोठा शत्रू. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून कपभर डिझेल काचेच्या बरणीत घ्या, दहा मिनिटं ठेवा. पाणी जड, ते खाली वेगळं दिसेल. शेतातल्या कॅनमधून डिझेल भरत असाल तर कॅनचा तळाचा भाग टाकीत ओतू नका. रॉकेल मिसळू नका. पंपाचे भाग डिझेलच्या वंगणावरच चालतात.

फिल्टर बदलल्यावर हवा अशी काढा: फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दीड आटा सोडा, हँड प्रायमर मारत राहा, फेस संपून सलग धार आली की धार चालू असतानाच आवळा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. सेल्फ एका वेळी १५ सेकंदांहून जास्त मारू नका.

एखादा सिलिंडर मिस करत असेल तर इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलचा युनियन नट अर्धा आटा ढिला करा, हातमोजा आणि फडकं घेऊन, बोट धारेसमोर न आणता. दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. ज्या नटाने आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. तो नोझल शेजारच्या सिलिंडरला बदलून बघा, वॉशर नवीन घालून. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल, जागीच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन.

डिपस्टिकवर ऑईल न भरता पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला, तर स्टार्टच करू नका. फीड पंपातून किंवा पंपाच्या सीलमधून डिझेल ऑईल चेंबरमध्ये उतरतंय; इंजिन ते ओढून चावीलाही दाद न देता पळू शकतं. गाडी ओढून आणा, आणि येताना शेवटचा फिल्टर कधी बदलला आणि डिझेल कुठून भरलं, हे सांगा.