यूसी आणि एसई: एकाच पैशाचे दोन कागद

"मॅडम, एसई पाठवलंय ना, मग आता यूसी कशाला?" मुंबईत सरकारी अनुदानावरच्या संशोधन प्रकल्पांचे हिशेब बघताना दर एप्रिलमध्ये हा प्रश्न माझ्यासमोर येतो. विचारणारा प्राध्यापक चुकीचा नसतो. त्याला कोणी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवलेलेच नसतात.

एसई (स्टेटमेंट ऑफ एक्स्पेंडिचर) म्हणजे खर्चाचं विवरण. मनुष्यबळ, रसायनं, प्रवास, किरकोळ खर्च, उपकरणं अशा हेडनिहाय, म्हणजे खर्चाच्या प्रकारानुसार, मंजुरी किती, खर्च किती, उरले किती, हे त्यात येतं. प्रकल्प प्रमुखाला म्हणजे पीआयला हाच कागद जवळचा वाटतो, कारण कुठल्या हेडमध्ये किती हात मोकळा आहे ते त्यातून कळतं.

यूसी (युटिलायझेशन सर्टिफिकेट) म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. अनुदान ज्या कामासाठी मिळालं त्याच कामासाठी वापरलं, याची ती संस्थेने दिलेली ग्वाही. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये स्वायत्त संस्थांसाठी याचा नमुना १२-अ आहे. २००५ च्या नियमांत तो १९-अ होता, म्हणून जुने लोक अजून तेच नाव घेतात. यात सुरुवातीची शिल्लक, आलेलं अनुदान, व्याज, झालेला खर्च, अखेरची शिल्लक असते. हेड इथे मोठे होतात: सर्वसाधारण, वेतन, भांडवली मालमत्ता. सही वित्तप्रमुखाची आणि संस्थाप्रमुखाची. एकट्या पीआयच्या सहीने यूसी होत नाही.

खरी गल्लत मार्चअखेरीस होते. समजा शिल्लक १,८०,००० होती, अनुदान ९,००,००० आलं, व्याज १४,००० जमा झालं. हाताशी एकूण १०,९४,०००. प्रत्यक्ष पैसे गेले ७,९४,०००, म्हणजे शिल्लक ३,००,०००. पण २,६०,००० च्या सेंट्रिफ्यूज या प्रयोगशाळेतल्या यंत्राची ऑर्डर मार्चमध्ये गेली, मशीन आणि बिल एप्रिलमध्ये आलं. पीआय म्हणतो, "खर्च झालाच की," आणि एसईमध्ये १०,५४,००० लिहितो. लेखा विभाग बँक बघून यूसीमध्ये ७,९४,००० लिहितो. दोघेही प्रामाणिक, पण कागद जुळत नाहीत आणि फाइल परत येते. ऑर्डर दिली म्हणजे पैसे गेले असं नाही. काही एसई नमुन्यांत बांधील खर्चाला, म्हणजे ऑर्डर दिली पण पैसे अजून गेले नाहीत अशा खर्चाला, वेगळा रकाना असतो. सेंट्रिफ्यूज तिथे दाखवावा, झालेल्या खर्चात नाही. आणि व्याज आपलं समजू नये, हिशेब पूर्ण झाल्यावर ते भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या तिजोरीत, भरायचं असतं.

संयुक्त प्रकल्पात घोळ वाढतो. कलिन्याचा गट आणि माटुंग्याचा गट मिळून काम करतात, पैसे दोन्ही संस्थांना थेट आलेले असतात. मग यूसीही दोन. माटुंग्याच्या खर्चाची ग्वाही कलिन्याचा वित्तप्रमुख देऊ शकत नाही, प्रयोग कितीही एकत्र झाले असले तरी.

म्हणून नव्या लिपिकाला आणि नव्या पीआयला वेगवेगळं शिकवणं मला पटत नाही. आमच्याकडे मी दोघांना एकाच टेबलावर बसवते. एकाच्या हातात व्हाउचरची फाइल, दुसऱ्याच्या हातात बँक स्टेटमेंट. ३१ मार्चची नोंद आधी दोघांनी मिळून वाचायची, मग कुठल्याही रकान्यात आकडा लिहायचा.