कानशिलातली नस आणि गेलेली नजर: जायंट सेल आर्टेरायटिस कसा कळत गेला

आपल्याकडे कोकणात म्हातारं माणूस डोकं दुखतंय म्हणालं की सुंठ उगाळून लेप लावायचा, फडकं आवळून बांधायचं, आणि नजर कमी झालीच तर मोतीबिंदू असेल, गणपती झाले की दाखवू, असं चालतं. खरंच सांगते, जायंट सेल आर्टेरायटिस, म्हणजे धमन्यांना सूज येण्याच्या या एका दुखण्यात तेवढं थांबणं फार महागात पडतं.

दुखणं काही आजचं नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी बगदादचा नेत्रवैद्य अली इब्न ईसा याने कानशिलाच्या धमन्यांचा डोकेदुखीशी आणि डोळ्यांच्या त्रासाशी संबंध लावला होता. मग थेट १८९० मध्ये लंडनच्या डॉक्टर जोनाथन हचिन्सनने एका म्हाताऱ्याबद्दल लिहिलं, त्याच्या कानशिलांवर लाल दुखऱ्या रेघा उठलेल्या आणि त्याला हॅटसुद्धा सहन होत नव्हती. (आपल्या आज्या फणी लावली तरी टाळू हुळहुळते म्हणतात, ते हेच असू शकतं.) १९३२ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या बेयर्ड हॉर्टनने आणि सहकाऱ्यांनी धमनीचा तुकडा काढून तपासला तेव्हा तिची भिंतच सुजलेली दिसली. नजर जाण्याचा संबंध १९३८ ला पुढे आला, आणि १९४१ मध्ये गिलमोर नावाच्या डॉक्टरने दाखवलं की सूज फक्त कानशिलात नसते, महाधमनीतही (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत) असते, आणि तिथे पुढे फुगवटा येऊ शकतो.

होतं काय, तर धमनीची भिंत सुजून आतली वाट अरुंद होते. जबड्याला रक्त कमी पडलं की भाकरी चावताना जबडा भरून येतो, थांबलं की बरं वाटतं. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूचं रक्त तुटलं की नजर जाते आणि ती सहसा परत येत नाही. बऱ्याच जणांचे खांदे-कंबर सकाळी आखडतात, ते वयावर ढकललं जातं.

१९५० च्या सुमारास कॉर्टिझोन हे स्टिरॉइड आलं तेव्हा कुठे हातात औषध आलं, २०१७ मध्ये टोसिलिझुमॅब या दुसऱ्या औषधाची भर पडली. पन्नाशीच्या आत हा आजार जवळपास नसतोच, सत्तरीत जास्त, बायकांत जास्त. आपल्याकडे युरोपपेक्षा कमी दिसतो म्हणून चटकन कोणाच्या डोक्यात येत नाही. अंगात सूज आहे का हे दाखवणाऱ्या ईएसआर-सीआरपी या तपासण्या साध्या रक्तातून होतात. बायोप्सीसाठी (धमनीचा तुकडा काढून तपासायला) कोल्हापूर-मुंबई गाठावं लागलं तरी पक्का संशय असेल तर डॉक्टर स्टिरॉइड त्याआधीच सुरू करतात, कारण एक डोळा गेल्यावर उपचार नसतील तर दुसरा काही दिवसांतही जाऊ शकतो.