धार लावत नाहीत, काढतात

पोळ्याला पंधरा दिवस राहिले होते आणि भाचीला लाकडाचा बैल करून देतो असं मी कबूल करून बसलो होतो. तान्हा पोळा म्हटलं की आमच्या वर्धा जिल्ह्यातच काय, सगळ्या विदर्भात लेकरं लाकडी बैल सजवतात आणि ओढत ओढत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला जातात. बाजारात तयार बैल पाहिजे तेवढे मिळतात, पण मोबाईलवर सुतारकामाचे व्हिडिओ बघून बघून माझे हात शिवशिवत होते. शिवणीचा एक ठोकळा होता, आजोबांच्या पेटीतली इंची पटाशी, म्हणजे लाकूड कोरायचं चपटं हत्यार, होती आणि रविवार होता. तीन तासांनी बैलाच्या जागी जे काही तयार झालं ते उकडलेल्या रताळ्यासारखं दिसत होतं, आणि माझ्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती.

शेजारचे काकाजी म्हणजे गावातले जुने वाढई, म्हणजे सुतार, अर्ध्या गावाच्या बंड्या (बैलगाड्या) आणि वखरं त्यांच्या हातची. ते कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "कायले एवढा जोर लावून राहिला बापू, तुही पटाशी लाकूड कापून नाही राहिली, चेंदून राहिली. धार कोनं लावली?"

"मीच लावली काकाजी, सकाळी."

"लावली म्हनूनच. धार लावत नसतात, काढत असतात."

आता आपल्याकडे धार काढणं म्हणजे गाय दोहणं, त्यामुळे मला आधी वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण नंतर विचार केला तर सगळं विज्ञान त्या एका वाक्यात होतं. पटाशीला आपण वरून काहीच लावत नाही, उलट लोखंड झिजवतो. पटाशीची सपाट पाठ आणि समोरचा उतार, हे दोन पृष्ठभाग घासत घासत जिथे एकमेकांना भेटतात ती रेघ म्हणजे धार. दोन्ही पृष्ठभाग एकदम सपाट असते आणि एकदम टोकापर्यंत गेले असते तर त्या रेघेला जाडीच नसती. खऱ्या जगात ती थोडी गोल राहतेच, प्रश्न एवढाच की किती. चांगल्या पाजवलेल्या पटाशीचं टोक एक मायक्रॉनच्याही आत असतं, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

याने एवढा फरक का पडतो ते दाबाच्या गणितात आहे, आठवी-नववीतलंच, बल भागिले क्षेत्रफळ. समजा तुम्ही २५ मिलिमीटर रुंद पटाशीवर दहा किलोचा जोर दिला. टोक ५० मायक्रॉन जाड असेल तर तो जोर सव्वा चौरस मिलिमीटरवर वाटला जातो, तेच टोक १ मायक्रॉनचं असेल तर फक्त ०.०२५ चौरस मिलिमीटरवर, म्हणजे त्याच हाताने दिलेला दाब पन्नास पट. हिशोब ढोबळ आहे कारण प्रत्यक्षात उताराचंही घर्षण लागतं, पण मुद्दा तोच. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी, लिग्निनच्या डिंकाने चिकटवलेली, आणि बोथट टोक या नळ्यांना कापायच्या आधी दाबतं, वाकवतं, मग त्या कुठेतरी फाटतात, आपल्याला पाहिजे तिथे नाही. आपण अजून जोर लावतो, पटाशी सटकते आणि अंगठ्याला पट्टी येते. धारदार हत्यारापेक्षा बोथट हत्यार हाताला जास्त लागतं असं सुतार सांगतात ते उगीच नाही.

बोथट धार ओळखायची कशी, तर उन्हात धरा. टोकावर पांढरी चमकती रेघ दिसली तर तिथे धार नाही, गोलाई आहे. गोल पृष्ठभागाचा कुठला ना कुठला भाग प्रकाश तुमच्या डोळ्याकडे पाठवतोच. धार खरी निघाली की ती रेघ गायब होते. म्हणजे जी दिसते ती धार नाहीच, हे मला फार आवडलं.

माझी चूक काय होती ते ऐका. सकाळी मी पटाशी फक्त उताराच्या बाजूने घासली होती, तेही २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर, आणि पाठीला हातच लावला नव्हता. पेपरचा नंबर जितका मोठा तितका कण बारीक. चांगल्या प्रतीच्या पेपरमध्ये ४०० नंबरचा कण साधारण ३५ मायक्रॉन, १००० चा १८, २००० चा १० च्या आसपास. प्रत्येक कण लोखंडात चर पाडतो, आणि पुढच्या पेपरचं काम फक्त एवढंच की आधीच्या पेपरचे चर पूर्ण पुसून स्वतःचे छोटे चर ठेवायचे. मध्येच दोन पायऱ्या गाळल्या तर खोल चर तसेच राहतात आणि धारेपाशी येऊन करवतीच्या दातांसारखे उघडतात. आता धार दोन पृष्ठभागांची आहे, मग एक बाजू आरशासारखी आणि दुसरी बाजू शेणाने सारवलेल्या भिंतीसारखी असेल तर टोक कोणासारखं होणार? पाठ एकदाच नीट सपाट आणि गुळगुळीत करून ठेवायची, सगळी नाही केली तरी टोकाकडची दोन बोटं पुरे, पुढे आयुष्यभर तिला फार काही करावं लागत नाही.

काकाजींकडे कुरुंदाचा दगड आहे, त्यांच्या वडिलांच्या वेळचा, घासून घासून मधोमध खोलगट झालेला. कुरुंद म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, रसायनाने बघितलं तर माणिक आणि नीलम यांचा सख्खा भाऊ, मोह्सच्या कठीणपणाच्या मापावर ९, वर फक्त हिरा. त्याचं इंग्रजी नाव कोरंडमसुद्धा आपल्या इकडूनच गेलंय, तमिळमधून. आणि लांब कशाला, आपल्या भंडारा जिल्ह्यातही सापडतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर मात्र सिलिकॉन कार्बाइडचा. ते अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसनच्या हाती लागलं, हा माणूस विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरे बनवायला निघाला होता, हिरे काही झाले नाहीत पण हे कठीण चमकदार खडे मिळाले आणि १८९३ मध्ये त्याने पेटंट घेतलं.

खोलगट दगडाची अडचण अशी की त्यावर सपाट पृष्ठभाग निघत नाही. काकाजींचा हात पन्नास वर्षांचा, ते दगडाच्या कडेवर काम भागवतात, मला ते जमत नाही. म्हणून मी खिडकीची जाड काच घेतली. ही काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात, द्रवाचा पृष्ठभाग आपोआप समतल असतो म्हणून काचही तशीच थिजते. काचेवर पाणी शिंपडून वॉटर पेपर चिकटवला की झाला महागड्या दगडाचा स्वस्तातला भाऊ. पाणी सोडत राहायचं, लोखंडाचा काळा गाळ वाहून जातो, नाहीतर पेपर भरून येतो.

कोन किती ठेवायचा? साधारण कामाला ३० अंश चालतो, आणि तो मोजायला कोनमापक लागत नाही. दहावीत साइन ३० म्हणजे अर्धा असं पाठ केलेलं असतं ना, ते इथे कामाला येतं. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असली की कोन ३० अंश. पाती ३ मिलिमीटर जाड तर उतार ६ मिलिमीटर, पट्टीने मोजा. कोन कमी केला तर पटाशी लोण्यासारखी चालते पण टोक पातळ असल्याने बाभळीसारख्या लाकडात लगेच तुटतं.

घासता घासता एक वेळ येते की बोटाने पाठीवरून टोकाकडे हळूच चाचपलं तर बारीक खरबरीत कड लागते, कापलेल्या पत्र्याच्या काठासारखी. आयटीआयवाले तिला बर म्हणतात. टोक इतकं पातळ झालं की लोखंड कापलं जाण्याऐवजी पलीकडे वाकतं, तीच ही. ही पूर्ण रुंदीभर आली याचा अर्थ उतार टोकापर्यंत पोचला. नाही आली तर पुढचे सगळे पेपर फुकट, आणि नवखे लोक इथेच घाई करतात, मीपण केली. मग बारीक पेपरवर आलटूनपालटून पाठ आणि उतार घासून ती कड काढायची. शेवटी चामड्याचा जुना पट्टा लाकडी पट्टीवर चिकटवून त्यावर हिरवा पॉलिशचा साबण लावायचा, तोच जो स्टील चमकवायला वापरतात, त्यातली हिरवी पूड क्रोमियम ऑक्साइडची. न्हावी पूर्वी वस्तरा पट्ट्यावर फिरवायचे तसंच, धार मागे ठेवून ओढायचं, पुढे ढकललं तर पट्टा कापला जातो.

हे सगळं समजायच्या आधी मी एक शहाणपणा केला होता तोही सांगतो. तालुक्याला एका वेल्डिंगच्या दुकानात पटाशी मोटरच्या ग्राइंडरवर धरून आणली, दोन मिनिटांत काम, टोकावर सुंदर निळा रंग. तो निळा रंग बघून काकाजींनी कपाळावर हात मारला, "पानी उतरलं हिचं." लोहार पात्याला पाणी देतो म्हणजे लोखंड लाल करून, ७७० अंशांच्या वर गेलं की चुंबक चिकटेनासा होतो त्याच्याही थोडं पुढे नेऊन, एकदम बुडवतो. आतल्या कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो अडकून बसतो आणि पोलाद काचेसारखं कडक आणि तेवढंच ठिसूळ होतं. मग परत साधारण २१० अंशांपर्यंत तापवून थोडं नरम करतात, तेव्हा वर फिकट पिवळा रंग चढतो. हा रंग म्हणजे ऑक्साइडचा पातळ थर, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसा प्रकाशाचा खेळ. तापमान वाढलं की थर जाड होतो, पिवळ्याचा तांबूस, मग जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. म्हणजे माझ्या पटाशीचं टोक पाहिजे त्यापेक्षा ८०-९० अंश जास्त तापलं होतं आणि नरम पडलं होतं. निळा भाग घासून काढण्यात एक अख्खा शनिवार गेला.

बरं, एवढं करून धार टिकते किती? लाकूड पोलादापेक्षा कितीतरी मऊ, तरी पटाशी बोथट होतेच. सागवानाचं कारण सोपं आहे, त्यात १.४ टक्क्यांपर्यंत सिलिका असते, म्हणजे झाडाने आत थोडी वाळूच भरून ठेवलीय. पण मऊ वस्तूनेही धार जाते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाढीच्या ब्लेडवर बघितलं, की केस ब्लेडपेक्षा पन्नास पट मऊ असूनही टोकाचे टवके काढतो. झीज नाही, टवके. केस वाकतो, ब्लेडवर तिरका भार येतो, आणि पोलादाच्या आतली रचना जिथे एकसारखी नाही तिथे बारीक चीर सुरू होते. पटाशीवर तसाच प्रयोग झाला असं मी म्हणत नाही, पण पटाशी लाकडात घालून आडवी पिळू नको असं काकाजी का ओरडतात ते मला त्यानंतर जास्त पटलं.

दुसऱ्या रविवारी त्याच शिवणीचा दुसरा ठोकळा घेतला. आडव्या कापावरसुद्धा, जिथे नळ्यांची तोंडं वर असतात, पटाशीने पातळ पापुद्रा निघाला आणि खाली लाकूड मेण लावल्यासारखं चमकलं. पॉलिश पेपर जवळपास लागलाच नाही. वरून जवसाचं कच्चं तेल चोळलं, हे तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याची साखळी बनत जाते आणि घट्ट थर होतो, फक्त दिवस बरेच लागतात. या क्रियेत उष्णता निघते, म्हणून तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.

बैल झाला, चाकं लागली, तान्ह्या पोळ्याला भाची ओढत निघाली आणि तिसऱ्या घरी उंबरठ्यावर बैलाचा डावा कान तुटला. मी कान आडवे कोरले होते आणि लाकडाच्या नळ्या उभ्या होत्या, त्यामुळे कानात त्यांचे नुसते तुकडे तुकडे राहिले, धरून ठेवायला काही नाही. काकाजींनी तुटलेली बाजू अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "कापला मस्त. पन कान येगळा करून बसवाचा असते बापू."

भाचीने एका कानाच्या बैलावर ऐंशी रुपये बोजारा जमवला.