फिल्टर बसतो, पण निघतो का?
नौकेचं इंजिन बदलणाऱ्या मालकांसाठी माहितीपत्रक

मे महिना अर्धा सरला की आमच्या वर्कशॉपचा फोन खाली ठेवायला मिळत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नौका वर ओढलेल्या, आणि इंजिन बदलायचं तर हेच ६१ दिवस. विजयदुर्गापासून मालवणपर्यंतचे मालक एकाच वेळी विचारतात आणि बहुतेक एकच विचारतात: "ट्रकचं सहा सिलिंडर इंजिन मिळालंय, गिअरसकट. तुम्ही फक्त बेडवर बसवा आणि शाफ्टला जोडून द्या. किती दिवस?"

इथे आम्ही जरा थांबतो. मालकाला वाटतं, हा आता भाव वाढवणार. तसं नसतं. बेड (इंजिन ज्यावर बसतं ती बैठक), शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा), पंखा (प्रोपेलर) या कामांचे दिवस आम्हाला बोटांवर मोजता येतात. मोजता येत नाहीत ते ऑइल फिल्टरचे आणि पाण्याच्या होजचे. गेली कित्येक वर्षं आमचा जास्तीत जास्त वेळ या दोन गोष्टींनी खाल्लाय, म्हणून हे पत्रक.

ट्रकखाली माणूस जातो, नौकेत जात नाही

ट्रकचं इंजिन आखणाऱ्याने मेकॅनिक कुठून हात घालणार हे धरून ते आखलेलं असतं. ट्रक खड्ड्यावर घेतात, माणूस खालून फिल्टर काढतो. त्यामुळे पुष्कळ इंजिनांत फिल्टरची डबी ब्लॉकच्या बाजूला, खाली, चेंबरच्या (तळाच्या ऑइल टाकीच्या) जवळ लोंबत असते. नौकेत इंजिनाखाली असतं पठाण, म्हणजे नौकेचा तळाचा कणा, आणि साचलेलं पाणी. दोन्ही अंगांना बेडचे वासे, आणि डबी नेमकी वाशाच्या तोंडावर.

"मग इंजिन दोन इंच उचला की!" हे वाक्य आम्ही हंगामात रोज ऐकतो. जीपमध्ये उचलता येईलही. नौकेत इंजिनाची उंची शाफ्ट ठरवतो. स्टर्न ट्यूबमधून (नौकेच्या मागच्या टोकाच्या नळीतून) शाफ्ट ज्या रेषेत येतो त्याच रेषेत गिअरचं कपलिंग यायला हवं. कपलिंगच्या दोन तोंडांमधल्या फटीत आम्ही व्यासाच्या दर १०० मिलिमीटरला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. शिवाय नौका पाण्यात उतरली की पुन्हा फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावतो, कारण वाळूवर टेकलेली नौका आणि तरंगणारी नौका यांचा आकार तंतोतंत एक राहत नाही. जिथे केसाएवढ्या फटीवरून आम्ही रात्री जागवतो, तिथे दोन इंच कुठून आणायचे?

दुसरी सूचना असते वासा तासायची. ते आम्ही करत नाही. वाशावर इंजिनाचं वजन असतंच, वर पंख्याचा सगळा रेटा गिअरमधून आणि माउंटिंगमधून त्याच वाशावर येतो. शिवाय खाच पाडली की लाकडाचा कोरा भाग उघडा पडतो आणि त्यात तेल आणि खारं पाणी मुरत राहतं. कोणी आधीच खाच पाडून नौका आणली तर ती भरून घेऊनच पुढचं काम होतं, आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. हे आधीच सांगितलेलं बरं.

उघडं इंजिन आणू नका

आता मुख्य चूक. टेम्पोत जागा व्हावी, वाटेत काही मोडू नये म्हणून इंजिन विकणारा फिल्टर, फिल्टरचं हेड (डबी ज्यावर चढते तो भाग), होज, डायनामो सगळं उतरवतो, भोकांना चिंध्या कोंबतो आणि नुसता ब्लॉक पाठवतो. सुटे भाग गोणीत, आणि गोणी घरी. किंवा व्हॉट्सअॅपवर लांबी, रुंदी, उंची येते आणि खाली लिहिलेलं असतं, "बसेल ना?"

त्या मापात बसतं. आम्ही चेनब्लॉक लावून बसवतो, शाफ्टला जुळवतो, बोल्ट आवळतो. यात दोन दिवस जातात. तिसऱ्या दिवशी गोणी येते, फिल्टर लावायला जावं तर डबी वाशाला टेकते आणि पुन्हा सगळं वर. हे तीन दिवस ना तुमच्या कामाचे ना आमच्या, आणि मागे रांगेत दुसऱ्यांच्या नौका.

याहून वाईट म्हणजे फिल्टर बसतो, पण निघत नाही. एका मालकाने असंच इंजिन दुसरीकडे बसवून घेतलं होतं. डबी आणि वासा यांच्यात जेमतेम बोट जाईल एवढी जागा. आम्ही तेव्हाच म्हटलं, तर उत्तर आलं, "फिल्टर बसलो मरे, मगे आणखी काय व्हया?" नारळी पौर्णिमेनंतर पहिलं ऑइल बदलायची वेळ आली. डबी दोन आटे सुटली आणि बूड वाशावर टेकलं. पाना फिरेना. शेवटी खलाशाने स्क्रूड्रायव्हर आरपार मारून पिळायचा प्रयत्न केला. पत्रा फाटला, डबीचं तोंड हेडवरच चिकटून राहिलं, ऑइल सगळं तळाच्या पाण्यात. ऐन हंगामात नौका जेटीला, बाकीच्यांच्या माशांच्या पाट्या उतरतायत आणि हे बघत बसलेत.

तेव्हा माप घेताना नुसती डबी मोजू नका. डबी आट्यांच्या रेषेत सरळ सरकून स्टडवरून (हेडच्या आट्यांच्या दांड्यावरून) पूर्ण सुटायला हवी आणि बाजूने माणसाचा हात किंवा चेन पाना फिरायला हवा. आमचा नियम असा: डबीच्या बुडापुढे ५० मिलिमीटर मोकळे आणि बाजूंना निदान २५. बंद इंजिनाला ५ मिलिमीटर दिसले म्हणून समाधान मानू नका. माउंटिंगच्या रबरावर इंजिन डुलतं, आणि तांडेलाने पुढून एकदम रिव्हर्स टाकला की ते किती उडी मारतं हे शेजारी उभं राहून एकदा बघा.

जागा काढायची कशी

पहिला आणि स्वस्त मार्ग म्हणजे आखूड डबी. पण दुकानात जाऊन "हीच, पण छोटी" असं सांगू नका. डबीचे आटे बघून घ्यावे लागतात. एम २० बाय १.५ (२० मिलिमीटर व्यास, १.५ मिलिमीटरचे आटे) आणि पाऊण इंच व्यासाची, इंचाला १६ आट्यांची डबी शेजारी ठेवली तर फरक दिसत नाही. पण एम २० ची डबी पाऊण इंची स्टडवर सैल चढते, हाताला घट्ट झाल्यासारखी वाटते आणि दाब आला की निसटू शकते. बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबला तर ऑइलला दुसरी वाट देणारी झडप) डबीत आहे की हेडमध्ये, हेही पाहावं लागतं. आखूड डबीत कागद कमी, म्हणून ऑइल लवकर बदलायचं. हे कबूल असेल तरच आम्ही ती लावतो.

काही इंजिनांना त्याच ब्लॉकचं दुसऱ्या कोनातलं हेड मिळतं, डबी पुढे किंवा वर वळवता येते. मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर फिल्टर इंजिनावरून उठवून नौकेच्या बाजूला बसवलेल्या पाटीवर न्यायचा, ज्याला आम्ही रिमोट म्हणतो. हे काम आम्ही सगळ्यात जास्त करतो आणि खरं सांगायचं तर आम्हाला ते आवडतं. फिल्टर कमरेच्या उंचीवर येतो, तोंड वर आणि बूड खाली. नवी डबी ऑइलने भरून लावता येते, थेंब तळात पडत नाही. खलाशी पाच मिनिटांत बदलतो.

मात्र रिमोट कुठेही करून घ्या, तीन गोष्टी बघा. होज ऑइलचाच, आत तारेची जाळी असलेला, हायड्रॉलिक कामाचा हवा. पाण्याचा रबर पाइप क्लिप लावून चालवलेला आम्ही पाहिलाय. थंड इंजिन सुरू करताना ऑइलचा दाब किती चढतो हे त्या माणसाला माहीत नसावं. होजचं भोक मूळ वाटेपेक्षा अरुंद नको. आणि येणारा-जाणारा होज उलटा लावू नका. या डबीत ऑइल कडेच्या बारीक भोकांतून आत शिरतं आणि मधल्या आट्यांच्या भोकातून बाहेर पडतं. उलट जोडलं तर आतली रबरी झडप वाट अडवते आणि ऑइलच्या दाबाच्या मीटरचा काटा उठत नाही. आम्ही दोन्ही होजना रंग लावून देतो. पाटी नौकेला पक्की आणि इंजिन हलतं, म्हणून होज ताणून न लावता त्यांना थोडी झोळ ठेवायची.

होज का फुगतो

फिल्टरचं भांडण मिटवताना पाण्याच्या होजचं नवं भांडण उभं राहतं, कारण जागा तीच. ट्रकचा रेडिएटर गेला, त्याच्या जागी हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने इंजिनाचं पाणी गार करणारा) आला, आणि पंपाकडे जाणारा होज कुठूनतरी न्यायचा म्हणून फिल्टरखालून नेला जातो. इथेच गफलत आहे. कुलंटचे (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचे) होज बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात. गरम पाणी, कुलंट हे रबर वर्षानुवर्षं सोसतं, पण ऑइल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. दर ऑइल बदलीला चार थेंब पडले तरी काही महिन्यांत होज बोटाला दबतो. मालक होज निकृष्ट म्हणून आमच्याकडे आणतात. होज बिचारा चांगला होता.

म्हणून होज फिल्टरखालून न्यायचा नाही, आणि वरून नेतानाही कुबड काढायचं नाही. होजचा मधला भाग सगळ्यात उंच झाला की तिथे हवा अडकते. हवेच्या खिशात सेन्सर आला तर मीटर थंड दाखवतो आणि इंजिन तापलेलं असतं. उंचवटा टळत नसेल तर आम्ही तिथे हवा सोडायचा नळ बसवतो.

पंपाच्या ओढीकडचा होज साधा घेऊ नका; पंपाच्या ओढीने तो चपटा होतो. आत स्प्रिंग किंवा तार हवी. धुराच्या तापलेल्या मॅनिफोल्डपासून चार बोटं लांब ठेवा. क्लिप स्टेनलेस म्हणून विकतात, पट्टी असतेही, स्क्रू मात्र साधा निघतो. खिशात चुंबक ठेवा, स्क्रूला लावून बघा. पाण्याच्या पातळीखालच्या जोडांना आम्ही दोन क्लिपा लावतो, न विचारता, आणि बिलात लावतो.

"आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, मग कुलंट कशाला?" हाही नेहमीचा प्रश्न. कुलंट गंज रोखतं आणि उकळायचा बिंदू वर नेतं. शिवाय ओल्या लायनरच्या (ज्या सिलिंडर-नळीच्या बाहेरून थेट पाणी फिरतं त्या) डिझेल इंजिनात लायनरच्या बाहेरच्या अंगाला बारीक खड्डे पडतात, ते थांबवायला कुलंटमधली रसायनं लागतात. विहिरीचं पाणी भरून तीन हंगाम चालवलेलं इंजिन उघडलं की लायनरच सगळं सांगतो.

येताना काय आणायचं

इंजिन फिल्टर, हेड, डायनामो, होजसकट आणा. वाटेत काढावं लागलंच तर गोणी त्याच टेम्पोत ठेवा. शक्य असेल तर इंजिन आणण्याआधी आम्हालाच नौकेवर बोलवा. आम्ही पुठ्ठ्याची डबी घेऊन येतो, खऱ्या मापाची, आणि बेडमध्ये धरून बघतो. मापाला येण्याचे पैसे घेतो, काम आमच्याकडे दिलंत तर बिलातून वजा करतो. इंजिन घेण्याआधी बोलावलंत तर कोणतं इंजिन घेऊ नये हेही सांगू. मागच्या दोन मालकांना आम्ही परत पाठवलं आणि दोघांनी नंतर दुसरं इंजिन आमच्याकडेच बसवलं.

नौकेच्या नोंदणीत इंजिनाचा नंबर आणि अश्वशक्ती असते, तेव्हा बदलाआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून या. कागदाचं काम आम्ही करत नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या नौकेला रिमोट करून देण्याचं वचन आम्ही देत नाही, होज मापाने बनवून यायला दिवस लागतात. आणि जुन्या फिल्टरची डबी फेकू नका. गळकी, चेपलेली कशीही असो, पिशवीत घालून आणा. आटे त्यावरूनच कळतात.